मृत्यूचे कारण: न्यायाधीशांना कोण शिकवणार?

शवविच्छेदनाच्या अहवालात ‘मृत्यूचे कारण’ लिहावे लागते. तिथे जंतुसंसर्ग लिहितात, श्वास कोंडणे लिहितात. जात किंवा वंश कुणी लिहीत नाही. तो प्रश्न न्यायाधीशालाच विचारावा लागतो. पण त्याला तो सुचतो का?

कॅनडातील विनिपेगमध्ये सप्टेंबर २००८ मध्ये ब्रायन सिंक्लेअर हे ४५ वर्षांचे आदिवासी गृहस्थ वारले. दोन्ही पाय गमावलेले, चाकाच्या खुर्चीतले. मूत्राशयाचा त्रास होता म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ते मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आले आणि ३४ तास तिथेच बसून राहिले. त्यांना ओकाऱ्या झाल्या, तरी कुणी तपासले नाही. काही कर्मचाऱ्यांना वाटले, प्यालेला असेल, बेघर असेल. लघवीची नळी बदलून प्रतिजैविके देणे, एवढाच उपचार हवा होता.

न्यायालयीन चौकशी झाली. २०१४च्या अहवालात ६३ शिफारशी आल्या. पण व्यवस्थेतला वंशद्वेष हा मुद्दा चौकशीच्या कक्षेबाहेर ठेवला गेला आणि कुटुंबाने चौकशीतून अंग काढून घेतले. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९च्या ग्लॅड्यू निकालात सांगितले होते की आदिवासी आरोपीला शिक्षा देताना त्याची सामाजिक पार्श्वभूमी पाहा. शिक्षा देताना जे पाहायचे, ते मरण तपासताना का नको?

आपल्याकडे गटारात माणूस मरतो तेव्हा अहवालात विषारी वायू येतो. कुणाच्या घरातला माणूस खाली उतरवला जातो हे गावाला ठाऊक असते, कागदाला नसते. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी १९९३पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. हे निकाल आपसूक आले नाहीत. सफाई कामगारांनी आपले मृत्यू मोजून कोर्टापुढे ठेवले, तेव्हा कोर्ट शिकले.

हे शिक्षण योगायोगावर का सोडायचे? भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे, उत्तनला महाराष्ट्राची. तिथे गटारात नवरा गमावलेली बाई, वस्तीतली आशाताई आणि सार्वजनिक आरोग्याचा डॉक्टर यांनी शिक्षक म्हणून उभे राहावे, अशी माझी मागणी आहे. यावर कुणी म्हणेल, न्यायाधीश निष्पक्ष असतो, त्याला काय शिकवायचे? बंदुकीच्या गोळीबद्दल तज्ज्ञाकडून ऐकल्याने त्याची निष्पक्षता बाटत नाही. मग जातीबद्दल ऐकल्याने कशी बाटेल?

मी घरातली पहिली पदवीधर. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ होते. पण आज आपल्यातलेच वकील, डॉक्टर, नर्स, समाजकार्यकर्ते ती पायरी चढत आहेत. न्यायाधीश नोंदीवर आलेलेच वाचतो. म्हणून प्रतिज्ञापत्रात लिहा: कुणी उतरवले, कुणाला उतरवले, आधी त्या कामाला कोण नाही म्हणाले, दवाखान्यात किती तास ताटकळत ठेवले. अकादमीचे दार उघडेल तेव्हा उघडेल. तोवर आपला प्रत्येक अर्ज हाच न्यायाधीशाचा धडा आहे.