दुखणं थांबलं, आजार चालूच

आपल्याकडे ‘संधिवात’ या एका शब्दात फार काही कोंबलं जातं. साठीतला झिजलेला गुडघा, चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी, युरिक ॲसिडने सुजलेला अंगठा आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सगळं संधिवातच. यातला शेवटचा आजार मुळातच वेगळा आहे. त्याला सगळ्यांत जवळ जाणारा आपला जुना शब्द ‘आमवात’. माधवनिदानाने हजार-बाराशे वर्षांपूर्वी आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिलं होतं. ते वेगळेपण आपण बोलता बोलता हरवून बसलो. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. प्रौढांमध्ये साधारण शंभर-दोनशे माणसांमागे एकाला तो होतो, बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट, आणि पुष्कळदा ऐन कर्त्या वयात. सकाळी बोटं मिटत नाहीत, कणीक मळताना मूठ वळत नाही, दुधाचं पातेलं दोन्ही तळहातांत धरून उतरवावं लागतं. तास-दीड तासाने हात मोकळे होतात. झिजेची सांधेदुखी कामाने वाढते, ही हालचालीने सैलावते. त्यामुळे दहा वाजता घरच्यांना ती बाई ठणठणीत दिसते, आणि ‘थोडं अंगावर काढ, होईल कमी’ हा सल्ला तिला स्वतःलाही पटतो.

माझा आक्षेप या सल्ल्यावर आहे आणि ‘गोळी घे, थांबेल दुखायचं’ या दुसऱ्या सल्ल्यावरही. एक सोसायला सांगतो, दुसरा आराम देतो, पण चूक दोघांची एकच: दोघेही दुखण्यालाच आजाराचं माप मानतात. सुजलेलं अस्तर कूर्चेवर पसरतं आणि कडेचं हाड कुरतडू लागतं. ही कुरतड बऱ्याच रुग्णांत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, आणि गेलेलं हाड सहसा भरून येत नाही. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन ठणका कमी करतात, पण कुरतड थांबवत नाहीत. स्टिरॉइडची गोष्ट याहून बोलकी आहे. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं आणि अंथरुणाला खिळलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये त्याबद्दल नोबेलही मिळालं. पण औषध थांबलं की आजार परत येई, आणि चालू ठेवलं की गोल सुजलेला चेहरा, पोटातले अल्सर, ठिसूळ हाडं. डॉक्टर आजही स्टिरॉइड देतात, मात्र कमी मात्रेत, मुख्य औषध लागू पडेपर्यंतचा आधार म्हणून. गावोगाव ‘जडीबुटीची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत हेच स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. ‘दोन दिवसांत उतार’ हा त्या पुडीचा लौकिक म्हणूनच काळजीचा आहे. त्यात काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं आणि ती अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

मग माप कशाचं धरायचं? ग्लासगोतल्या एका अभ्यासाने याचं फार स्वच्छ उत्तर दिलं. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या ‘टायकोरा’ चाचणीत 110 रुग्ण होते. अर्ध्यांना नेहमीप्रमाणे दर तीन महिन्यांनी तपासलं. उरलेल्यांना दर महिन्याला बोलावलं, सांधे मोजले, आणि ठरवलेल्या आकड्याखाली आजार येईपर्यंत औषध ठरलेल्या क्रमाने वाढवलं. औषधं त्या काळची साधीच, महागडी जैविक इंजेक्शनं नव्हेत. दीड वर्षाने पहिल्या गटात 16 टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्यात 65 टक्के. हे मोजणं दिसायला अगदी साधं असतं. खांदे, कोपरं, मनगटं, हाताची बोटं आणि गुडघे असे 28 सांधे डॉक्टर एकेक करून अंगठ्याने दाबतात, स्वतःच्या नखाखालची लाली उडेल इतपत. कुठे दुखतं आणि कुठे सूज आहे, हे वेगवेगळं लिहून ठेवतात. त्याला शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर किंवा सीआरपी या रक्ततपासण्यांची जोड मिळते. रुग्ण ‘बरं आहे’ म्हणत असताना चार सांधे फुगलेले सापडतात, ते इथेच.

अशा उपचारावरचा सगळ्यांत मोठा आक्षेप या आजाराच्या मुख्य औषधावर, मेथोट्रेक्सेटवर येतो: हे तर कॅन्सरचं औषध. आहेच. पण कॅन्सरमध्ये ते काही वेळा ग्रॅमच्या हिशेबात देतात, इथे आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. एकाच औषधाची ही दोन वेगळी कामं आहेत. त्याचे धोके मी नाकारत नाही. यकृत आणि रक्तपेशींची तपासणी चुकवता येत नाही, दारू वर्ज्य, फॉलिक ॲसिड सोबत हवंच. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून चिठ्ठीवर वाराचं नाव ठळक असलंच पाहिजे. पण दुसरं पारडंही बघा. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 1,240 रुग्णांच्या पाहणीत मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसलं. ती पाहणी होती, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, तरी हा फरक झटकून टाकण्यासारखा नाही. अनावर सूज हृदयालाही पोखरते.

आयुर्वेदाचा आग्रह धरणाऱ्यांशी माझं भांडण नाही. कोइम्बतूरमध्ये 43 रुग्णांवर आयुर्वेदिक उपचार आणि मेथोट्रेक्सेट यांची समोरासमोर तुलना झाली, 2011 साली ती प्रसिद्ध झाली, आणि दोन्हींचे निकाल जवळपास सारखे आले. संख्या फार लहान, म्हणून त्यावर निर्णय बांधता येत नाही. पण त्या वैद्यांनीही सांधे मोजले, हे मला महत्त्वाचं वाटतं. उपचार कुठल्याही पॅथीचा असो, तीन महिन्यांनी सूज मोजून दाखवायची तयारी हवी. आंबट सोडल्याने हा आजार आटोक्यात येतो, याला आधार नाही. धूम्रपान सोडण्याला मात्र आहे.

तालुक्याच्या गावी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं पुरेसं उत्तर माझ्याकडे नाही. पण निदान आणि औषधाची दिशा तज्ज्ञाने एकदा ठरवून दिली की मधल्या महिन्यांत ईएसआर, रक्तपेशी, यकृताची तपासणी आणि सुजलेल्या सांध्यांची नोंद गावातल्या डॉक्टरला करता येते. या नोंदींची वही जिथे सर्वांत जास्त लागते, ती जागा म्हणजे बाळंतपण. गर्भधारणेआधी मेथोट्रेक्सेट थांबवून दुसरी औषधं द्यावी लागतात, हे आधीच ठरवायला हवं. गरोदरपणात अनेकींचा आजार आपोआप निवतो आणि बाळंतपणानंतर उसळतो. तेव्हा सव्वा महिना बाळंतिणीचं सगळं दुखणं अशक्तपणावर आणि वाऱ्यावर घातलं जातं. बाळाला उचलताना तिचं मनगट वळत नसेल, तर ते मनगट त्याच आठवड्यात कोणीतरी दाबून बघायला हवं.