युकुलेले घ्या, पण सरगम सोडू नका



अलीकडे आपल्या शाळेत दप्तराबरोबर युकुलेलेच्या पिशव्याही दिसू लागल्या आहेत. छोटे, हलके, चार तारांचे हे वाद्य लहान हातांना सोपे जाते. त्यावरून पालकसभेत दोन मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, हे परदेशी खूळ शाळेत कशाला? काही जण म्हणतात, आता पेटीचा तास बंद करा आणि त्या जागी युकुलेलेच शिकवा. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात.

परकेपणाचे म्हणाल, तर आपल्या भजनी मंडळांची पेटीही मूळची युरोपातली. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पर्यंत तिला बंदी होती. तरीही ती आपलीच झाली. युकुलेलेचा जन्म हवाई बेटांवरचा. १८७९ साली मदीरा बेटावरून पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांत कामाला तिथे गेले आणि त्यांच्या छोट्या तंतुवाद्यांपासून हे वाद्य घडले. पोटासाठी गाव सोडताना त्यांनी गाणे बरोबर नेले. खानदेशातून सुरतेला आलेल्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको.

अडचण वाद्याची नाही, शिकण्याच्या रीतीची आहे. मुले मोबाइलवर पाहून तीन-चार कॉर्ड पाठ करतात आणि तेच प्रत्येक गाण्याला लावतात. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर. नेहमीच्या मेजर कॉर्डमध्ये सा, ग आणि प असतात. पण मारव्यात पंचम वर्ज्य आहे. तिथे हा कॉर्ड वाजवला, तर गाणाऱ्याने टाळलेला स्वर साथ करणाऱ्याने आणून ठेवला असे होते.

एक उदाहरण पाहू. पाश्चात्त्य संगीतात एक ऑगमेंटेड मेजर स्केल आहे. त्यात मेजर स्केलचा पंचम अर्धा स्वर वर चढवतात. आपल्या भाषेत ते सा, रे, ग, म, कोमल ध, शुद्ध ध, नी असे होते. पंचम नाही आणि धैवत दोन! नाव ऐकून घाबरू नका. कीरवाणी रागाचे स्वर घ्या, त्यातल्या कोमल गंधाराला सा माना आणि चढत जा. नेमके हेच स्वर मिळतील. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात.

आता सा म्हणजे सी धरून युकुलेलेवर वाजवून पाहा. ए तारेचा तिसरा पडदा दाबला आणि बाकी तारा मोकळ्या ठेवल्या की सी मेजर होतो. ते बोट तसेच ठेवून जी तारेचा पहिला पडदा दाबा. हा झाला सी ऑगमेंटेड, म्हणजे सा, ग, कोमल ध. मग ए तार मोकळी सोडून जी तारेचा दुसरा पडदा दाबा, की ए मायनर. जी तारेकडे कान द्या. पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत अशी चढण ऐकू येईल. मधल्या कॉर्डमध्ये सा ते ग, ग ते कोमल ध आणि कोमल ध ते वरचा सा ही तिन्ही अंतरे चार-चार अर्धस्वरांची आहेत. त्यामुळे कानाला विसावा मिळत नाही आणि तो पुढच्या कॉर्डची वाट पाहतो.

याच स्केलमधून डी मायनर, ई मेजर आणि एफ मेजर हेही कॉर्ड निघतात. सवयीने वाजवला जाणारा जी मेजर मात्र निघत नाही, कारण त्यातला जी हा स्वरच या स्केलमध्ये नाही. सरगम येणाऱ्या मुलाला हे लगेच उमगते. न येणाऱ्याला तो फक्त बोटांचा नकाशा राहतो.

रागगायनाला कॉर्ड लागत नाहीत आणि युकुलेलेच्या पडद्यांवर गळ्यासारखी मींड येत नाही, हा जाणकारांचा आक्षेप खरा आहे. पण गोव्यात माजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेल्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. दोन्ही पद्धतींचा अभ्यास असला की असे धाडस करता येते.

म्हणून विश्वस्त मंडळाला विनंती आहे की पेटीचा तास आणि संगीत शिक्षकाची जागा कायम ठेवावी आणि युकुलेले त्याच तासाला जोडावे. पालकांनी वाद्य जरूर घेऊन द्यावे. पण मूल किती गाणी वाजवते यापेक्षा त्यातले स्वर ओळखते का, हे विचारावे. विद्यार्थ्यांनी गणेशोत्सवासाठी गाणे बसवताना आधी त्याची सरगम वहीत लिहावी, ती तोंडाने म्हणावी आणि मगच कॉर्ड निवडावेत. पाया पक्का असला की वरचा मजला कोणत्याही देशाचा चालतो.