जुनी कमान फेकू नका

नागाव, हर्णे, तारकर्ली. किनारा कुठलाही असो, सकाळी बोटीचा ट्रेलर ट्रॅक्टरने पाण्यात उतरतो आणि संध्याकाळी वर येतो. ज्यांचं घर बोटीवर चालतं, ते बोटीला जपतात. इंजिनाला तर लेकरासारखं जपतात. ट्रेलर मात्र मोडेपर्यंत कुणाच्या ध्यानात नसतो.

आणि मोडते ती बहुधा कमान, म्हणजे चाकावरची पोलादी पाट्यांची स्प्रिंग. खारं पाणी पाट्यांच्या फटीत बसतं, गंज फुगतो, पाटे सुटे होतात. मग एखाद्या खड्ड्यात मधल्या बोल्टापाशी मेन पाटा तुटतो. चाक मागे सरकतं आणि मडगार्डला घासू लागतं. रस्त्यावर तसंच ओढत नेलंत तर टायर फाटेल, बोट कलंडेल. मागून कुणाची दुचाकी येत असते, हेही लक्षात असू द्या.

ट्रेलर जुना असला की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "कुठल्या कंपनीचा?" तुम्हाला ठाऊक नसतं. बोट तिसऱ्या हातची, ट्रेलर तिच्याबरोबर आलेला, पाटी कधीच गळून पडलेली. म्हणून घाबरू नका. कमानीला नाव लागत नाही, माप लागतं. आणि ते माप तुमच्या जुन्या कमानीत आहे. ती तुटलेली असली तरी भंगारात देऊ नका.

काढण्याआधी बोट ट्रेलरवरून उतरवा. ट्रेलर कडक, सपाट जमिनीवर घ्या. दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावा. जॅकखाली जाड फळी ठेवा, नाहीतर तो वाळूत रुततो. चाक उचललं की चौकटीखाली लोखंडी स्टँड लावा. आपल्याकडे चिरे रचून त्यावर भार टाकतात, ते करू नका. चिऱ्यावर एका बाजूने दाब आला की तो फुटतो, आणि तेव्हा खाली तुमचा हात असतो. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली कुणीही जाऊ नये. मुलांना लांब ठेवा.

बोल्ट गंजून धरले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरीही न सुटलेला यू-बोल्ट खुशाल कापा. तो तसाही पुन्हा वापरायचा नाही.

आता माप घ्या. कमानीच्या दोन टोकांना गोल वळी असते, तिच्यात पिन बसते. एका वळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सरळ अंतर मोजा. मग तेच अंतर मेन पाट्याच्या वाकावर टेप टेकवून मोजा. दोन्ही हवीत. जुनी कमान बसून सपाट झालेली असते. सपाट झाली की तिचं सरळ अंतर वाढतं. तेवढंच माप दिलंत तर नवी कमान लांब येते आणि जागेवर बसत नाही. पाटा दोन तुकडे झाला असेल, तर तुकडे जुळवून वाकावरचं माप घ्या आणि सरळ अंतर दुसऱ्या बाजूच्या कमानीवरून घ्या.

पुढच्या वळीपासून मधल्या बोल्टापर्यंत किती, तेही लिहा. बोल्ट दरवेळी बरोबर मधोमध नसतो. नसेल तर कमानीला पुढची आणि मागची बाजू असते. काढतानाच पुढच्या टोकावर रंगाने खूण करा. मग पाट्याची रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, पाटे किती, वळीचं भोक बुशासह आणि बुशाशिवाय केवढं, हे सगळं टिपून घ्या. काही कमानींचं एकच टोक वळलेलं असतं आणि दुसरं सपाट असून खाचेत सरकतं. तसं असेल तर कारागिराला आधी तेच सांगा. अॅक्सल कमानीच्या वर आहे की खाली, गोल आहे की चौकोनी, याचा फोटो काढून ठेवा. यू-बोल्ट त्यावरून ठरतात.

इथे एक चूक फार होते. जुन्या विलीज जीपचे पाटे पावणेदोन इंच रुंद असत. बोटीच्या लहान ट्रेलरचेही पुष्कळदा तेवढेच असतात. रुंदी जुळली म्हणून माणूस जीपचे पाटे घेऊन येतो. पण जीपची कमान तीन फुटांची किंवा त्याहून लांब, आणि लहान ट्रेलरची बऱ्याचदा दोन फुटांच्या आसपास. मग ती कापायची, वळी वेल्डिंगने जोडायची, असा खटाटोप सुरू होतो. कृपा करून पाट्याला वेल्डिंग करू नका. पाट्याचं पोलाद मुद्दाम तापवून, थंड करून लवचीक केलेलं असतं. वेल्डिंगची आच लागली की तो गुण त्या जागी जातो. जोड दिसायला भक्कम दिसतो आणि त्याच्या शेजारीच पाटा तुटतो.

भंगारातला पाटाही नको. स्वस्त मिळतो, पण त्याने किती भार सोसला आहे हे कोण सांगणार? घ्यावाच लागला तर तारेच्या ब्रशने घासा, डिझेल लावा, कोरडा पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. रेघ दिसली की तो पाटा सोडून द्या.

मग कुठे जायचं? चिऱ्याचे ट्रक जिथे दुरुस्तीला थांबतात, तिथल्या गॅरेजवाल्याला विचारा. ओझ्याच्या गाड्यांचे पाटे सारखे तुटतात, त्यामुळे कमानी बांधणारा कारागीर त्याला माहीत असतो. जवळ कुणी नसेल तर कोल्हापूरचं उद्यमनगर किंवा पुण्याची नाना पेठ गाठा. जुनी कमान सोबत न्या. फोनवर माप सांगून मागवू नका. अर्धा इंच इकडेतिकडे झाला की दोन दिवस आणि गाडीभाडं वाया जातं.

कारागीर वजन विचारेल. अंदाजाने सांगू नका. बोट, इंजिन, भरलेली टाकी, नांगर, जॅकेट अशा रोजच्या सामानासकट ट्रेलर वजनकाट्यावर न्या. समजा बोट 500 किलो, इंजिन 120, 60 लिटर पेट्रोलचे सुमारे 45, सामान 35 आणि ट्रेलर 200. एकूण 900. दोन चाकांच्या ट्रेलरला प्रत्येक कमानीवर साधारण 450 किलो येतात. त्यावर थोडा वाव ठेवून कमान बांधायला सांगा.

"एक-दोन पाटे जास्तच टाक" असं मात्र म्हणू नका. ते मायेने म्हटलं जातं, पण कमान ताठ झाली की ती वाकत नाही, आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका बोटीच्या तळाला बसतो. फायबरला बारीक चिरा जातात. त्या दुरुस्त करायला कमानीपेक्षा कितीतरी जास्त पैसे लागतात.

एक बाजू तुटली तरी दोन्ही बदला. एक नवी, एक थकलेली असेल तर ट्रेलर एका अंगाला झुकतो. बुश, पिना, यू-बोल्ट नवेच घाला.

बसवल्यावर ट्रॅक्टरच्या हुकापासून अॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजा. ते सारखं यायला हवं. यू-बोल्ट एकदम एक न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळा. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावा. नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि नट ढिले होतात. हे बहुतेक जण विसरतात.

पुढे रोज एकच काम. ट्रेलर वर आला की गोड्या पाण्याने धुवा, पाट्यांच्या फटीत पाणी जाईल असा पाइप धरा. इंजिनातलं जळकं काळं तेल कमानीला फासू नका. ते वाळूत ठिबकतं, आणि त्याच वाळूत आपल्या बायका तिसऱ्या, मुळे वेचतात. त्याऐवजी दरवर्षी पावसाळ्यात ट्रेलर उभा असतो, तेव्हा घासून गंजरोधक रंग द्या.

पैसे जमले तर दोनाऐवजी तीन कमानी बांधून घ्या. तिसरीला रंग द्या, पोत्यात गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा. ऐन हंगामात एक बाजू गेली तर ट्रेलर घरापर्यंत आणता येईल आणि धंदा थांबणार नाही. पोत्याला एक चिठ्ठी बांधा. तिच्यावर सगळी मापं, पाट्यांची संख्या आणि कारागिराचा फोन लिहा.