सगळ्यांचं नाव जॉर्ज

आधी वर्ग, मग जात. युनियनच्या ऑफिसात हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. वेगळी संघटना काढू नका, कामगारांची एकी फुटेल, असं सांगणारा बहुतेक वेळा खुर्चीत बसलेला असतो नि ऐकणारा उभा. म्हणून दोस्तहो, आज अमेरिकेतल्या रेल्वे कामगारांचा इतिहास सांगतो. १९७२ साली पँथर हे नाव तिथल्या काळ्यांकडून आपल्याकडं आलं. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी युनियन बांधली होती, ते मात्र आपल्यात फारसं कुणी सांगत नाही.

गुलामगिरी कायद्यानं संपली १८६५ साली. १८६७ साली जॉर्ज पुलमनची कंपनी निघाली. रेल्वेत झोपायचे आलिशान डबे. साहेबानं हेरून काळे पोर्टर ठेवले, कालपर्यंत गुलाम असलेले. चाकरी ह्यांच्या अंगात मुरलीय आणि मजुरी स्वस्त, हा हिशेब. बिछाने घाला, बूट चमकवा, पॉलिश स्वतःच्या पैशाचं. महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल. पगार इतका तुटपुंजा की पोट टिपवर, आणि टिपसाठी हसरं तोंड. प्रवासी सगळ्यांनाच हाक मारायचे, 'जॉर्ज'! गुलामाला मालकाचं नाव, तशातली गत. आईबापानं ठेवलेलं नाव गाडीत चढलं की गायब. आपल्या आज्यापंज्यांना गावानं कुठल्या नावांनी हाका मारल्या, ते मी सांगायला नको.

आता गोऱ्या कामगारांचं ऐका. १८९४ साली ह्याच पुलमनविरुद्ध मोठा संप झाला. पुढारी युजीन डेब्ज. काळ्यांना युनियनमध्ये घ्या, असं तो म्हणत होता. शिकागोच्या अधिवेशनात मतं पडली : १०० जण घ्या म्हणाले, ११२ जण नको म्हणाले. पुलमनच्या डब्यात राबणारा काळा पोर्टर पुलमनविरुद्धच्या लढ्यातून बाहेर! सरकारनं लष्कर आणून संप मोडला. काळे आत असते तर संप जिंकलाच असता, असं मी म्हणत नाही. मी एवढंच विचारतो, एकी फोडली कुणी? त्या ११२ जणांनी, की दाराबाहेर ठेवलेल्या माणसानं?

२५ ऑगस्ट १९२५. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत पोर्टरांनी आपली युनियन काढली, ब्रदरहुड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स. पुढारी केला ए. फिलिप रँडॉल्फला. तो पोर्टर नव्हता, मासिक चालवायचा. कंपनी त्याला कामावरून काढू शकत नव्हती. पोर्टरांना मात्र काढलं. हेर सोडले, खिशातली युनियन उभी केली. १९२८ साली पुकारलेला संप ऐनवेळी मागं घ्यावा लागला. सभासद पांगले, १९३३ पर्यंत हजाराच्या आत आले. उरलेले चिकटून राहिले. वॉशिंग्टनात रोझिना टकर, एका पोर्टरची बायको, गुपचूप घरोघर वर्गणी गोळा करायची. १९३५ च्या मतदानात ब्रदरहुडला ५,९३१ मतं, कंपनीच्या बाहुल्याला १,४२२. १९३७ साली, बरोबर २५ ऑगस्टला, करार झाला. ४०० तासांचे २४० झाले.

आणि ही माणसं वेगळी बसून राहिली का? नाही. १९३५ सालीच ते गोऱ्यांच्या बड्या फेडरेशनमध्ये गेले, पण आपली सनद हातात घेऊन, नि आत जाऊन वर्णभेदावर भांडत राहिले. १९४१ साली रँडॉल्फनं वॉशिंग्टनवर मोर्चाची धमकी दिली, तेव्हा रूझवेल्टला युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णभेदबंदीचा हुकूम काढावा लागला. १९५५ चा माँटगोमेरीचा बसबहिष्कार उभा करणारा ई. डी. निक्सन पुलमनचा पोर्टरच.

तिकडं १९२८ साली संप फसला, तेव्हा इकडं मुंबईत गिरण्यांचा संप चालू होता. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारलं, विणाई खात्यात आमच्या माणसाला मज्जाव का? त्या खात्यात पगार जास्त. पण धागा तोंडानं ओढायचा, थुंकी लागणार, नि आपल्या थुंकीचा सवर्ण कामगाराला विटाळ! फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला, जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं, त्यांनी दोन शत्रू दाखवले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपला माणूस गँगमन लागतो नि गँगमनच राहतो, हेही सांगितलं. स्टेशनवरच्या पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागे, म्हणून ती जागा अस्पृश्याला नाही. तिकडं काळ्याला पोर्टरच ठेवायचे; इकडं आपल्याला पोर्टरसुद्धा होऊ देत नव्हते.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात उभा असतो आणि रात्री कविता लिहितो. कवितेनं ४०० चे २४० होत नाहीत. त्याला पावतीबुक लागतं, दर महिन्याची वर्गणी लागते, बारा वर्षं तग धरणारी माणसं लागतात. जयंतीची वर्गणी आपण आठ दिवसांत जमवतो. मग रेल्वेच्या डब्यात कंत्राटदाराच्या हाताखाली संडास धुणाऱ्या पोरांचं पावतीबुक कुठाय? आपल्यातले किती जण त्या डब्यातून जातात नि त्यांना 'ए' म्हणून हाक मारतात?

पुढच्या रविवारच्या बैठकीला येताना अशा दहा जणांची नावं लिहून आणा. आईबापानं ठेवलेली, पुरी. एकी कुणाशी करायची, किती अटींवर करायची, ते त्यांना बसवून घेऊन ठरवू.

जयभीम.