मागच्या बाकावरची मोठी माणसे

गेल्या डिसेंबरात आमच्या एका ख्रिस्ती सहशिक्षिकेने आम्हाला त्यांच्या चर्चच्या तरुण संघाची सभा पाहायला बोलावले. नाताळच्या तयारीची सभा होती. आम्हाला वाटले, पाद्रीसाहेब बोलतील आणि मुले ऐकतील. पण सभा चालवत होती अकरावीतली एक मुलगी! कॅरल गायला कोणाकोणाच्या घरी जायचे, मागच्या वर्षीचे पैसे किती उरले, सगळे मुलेच ठरवत होती. मोठी माणसे दोनच. एक बँकेतले गृहस्थ आणि एक परिचारिका. दोघेही मागच्या बाकावर, जवळजवळ गप्प. शेवटी त्या मुलीने विचारले, "आज कोण आले नाही?" तीन नावे निघाली, आणि प्रत्येक नावासाठी कोणीतरी "मी जाऊन येतो" म्हणून हात वर केला.

त्या रात्री आम्हाला आमचाच एक विद्यार्थी आठवत राहिला. नववीतला, तबला छान वाजवणारा. स्नेहसंमेलनाच्या तालमींना येईनासा झाला. आम्ही घरी निरोप पाठवला आणि दुसरा मुलगा तबल्यावर बसवला. वडिलांची नोकरी गेली होती आणि तो संध्याकाळी एका दुकानात काम करत होता, हे आम्हाला मार्चमध्ये कळले. त्याच्या वर्गातल्या मुलांना दिवाळीपासून माहीत होते. त्यांना आम्ही विचारलेच नव्हते.

चर्चमधली ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील मेन राज्यात पोर्टलंड नावाचे गाव आहे. तेथील विलिस्टन चर्चचे पाद्री फ्रान्सिस क्लार्क यांनी २ फेब्रुवारी १८८१ रोजी आपल्या घरी तरुण मुलामुलींना बोलावून 'ख्रिश्चन एन्डेव्हर' ही मंडळी सुरू केली. क्लार्क तेव्हा अवघे २९ वर्षांचे होते. मुलांची करमणूक पुष्कळ होते, पण त्यांच्यावर काम कोणी सोपवत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून नियम असा केला की सभासदाने सभेला यायचे आणि सभेत काही ना काही भाग घ्यायचा. नुसते बसून राहणे नाही. प्रार्थनासभेची, स्नेहमेळाव्याची अशा समित्या मुलांच्याच. त्यांतली एक समिती नवे सभासद आणायची आणि जे ढिले पडत त्यांची आपुलकीने चौकशी करायची. पुढे ही मंडळी अनेक देशांत पसरली.

आता आपल्याकडे पाहू. आमच्या लहानपणी गल्लीतल्या गणपतीत वर्गणी गोळा करणे, मखर बांधणे, आरतीचे तबक सांभाळणे हे सगळे पोरांचे काम असे. मखर वाकडे होई, पण ते आमचे असे. आता सजावटीचा ठेका दिला जातो. शाळेच्या संमेलनालाही आम्ही बाहेरून नृत्य बसवणारे आणतो, सूत्रसंचालन शिक्षक लिहून देतात, मुलांनी फक्त उभे राहायचे. कार्यक्रम देखणा होतो हे खरे. फोटो तर फारच छान येतात!

विश्वस्त मंडळापुढे आम्ही हा विषय मांडला तेव्हा एका सदस्यांनी विचारले, "चर्चची गोष्ट आपल्या शाळेत कशाला?" प्रश्न रास्त आहे. प्रार्थना त्यांची, ती त्यांच्यापाशी राहील. आम्हाला हवा आहे तो मागचा बाक. दहावीच्या गुणांची काळजीही काही पालकांनी बोलून दाखवली. महिन्यातून एका शनिवारचे दोन तास गेल्याने गुण कमी होतील असे आम्हाला वाटत नाही.

तिसरी शंका मात्र आम्ही स्वतःच काढली आणि तिच्याबाबत आम्ही हट्टी राहणार आहोत. परका मोठा माणूस मुलांमध्ये येणार, तेव्हा नुसता विश्वास पुरत नाही. पॉक्सो कायदा २०१२ साली उगाच आला नाही. म्हणून बैठक शाळेतच, दार उघडे ठेवून, आणि नेहमी दोन मोठी माणसे. मुलाला एकट्याला कोणी घरी बोलावणार नाही की गाडीवरून नेणार नाही. फोनवर खाजगी संदेश नाहीत. "कोणाला सांगणार नाही" असे वचन मुलाला द्यायचे नाही, कारण काही गोष्टी सांगाव्याच लागतात. हे नियम कोणाला अपमानकारक वाटले, तर त्यांनी कृपया येऊ नये.

यंदाचे संमेलन नववीची मुले बसवतील. बाहेरचे कोणी येणार नाही. दर दहा मुलांमागे दोन माजी विद्यार्थी किंवा पालक आम्हाला हवे आहेत, आणि तेही वर्षभर, एका कार्यक्रमापुरते नव्हे. नावे कार्यालयात द्यावीत. पहिली बैठक जुलैच्या पहिल्या शनिवारी आहे. तबला कोणी वाजवायचा, ते मुलेच ठरवतील. त्या मुलाकडे जाऊन विचारायचे कामही त्यांनी आपणहून मागून घेतले आहे.