चोचीतला कीटक कोण पाहतो?

भिलाईचे नाव निघाले की १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटलेला पोलाद कारखाना आठवतो. विदर्भातील कित्येक मराठी कुटुंबे त्याच कारखान्याच्या निमित्ताने तेथे स्थायिक झाली. मात्र हिवाळ्यातील सुटीच्या पहाटे या नगरीतून दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन निघणाऱ्या हौशी पक्षीनिरीक्षकांची वाट शेतशिवारातूनच जाते. कोणी जवळच्या मरोदा जलाशयावर थांबतो, कोणी पाटण तहसिलीतील तलाव गाठतो, तर कोणी बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदा पाणथळीपर्यंत जातो. ओढ असते ती स्थलांतरित बदकांची. वाटेत कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, त्यांत उतेरा पद्धतीने पेरलेली लाखोळी आणि पुढे हरभऱ्याची शेते लागतात. गोंदिया-भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला हे सारे दृश्य घरचेच वाटावे.

ही शेते निरीक्षक ओलांडून जातात, हा या छंदाचा उणेपणा आहे. तारेवरचा कोतवाल, बांधावरची साळुंकी, हरभऱ्याच्या शेंड्यावर बसणारा गप्पीदास हे नेहमीचेच पक्षी. त्यांच्यासाठी गाडी थांबत नाही. थांबली आणि छायाचित्र निघाले, तरी खाली पक्ष्याचे नाव लिहिले जाते. त्याच्या चोचीत काय आहे, याची नोंद क्वचितच होते.

कृषी विस्ताराच्या दृष्टीने मोलाची माहिती नेमकी तेथे असते. ‘पक्षी शेतकऱ्याचा मित्र’ हे वाक्य प्रशिक्षणवर्गात सर्रास उच्चारले जाते. पण कोणता पक्षी, कोणत्या पिकात, कोणत्या किडीचा, हे प्रश्न पुढे येत नाहीत. वेडा राघू उडते कीटक पकडतो. त्याच्या छायाचित्रांत चोचीत वारंवार दिसतात ते चतुर आणि मधमाश्या. चतुर हा स्वतः धानातील उडत्या किडींचा शिकारी आहे आणि मधमाशी परागीभवन करते. याचा अर्थ राघू शत्रू ठरतो असा मुळीच नाही. परंतु हरभऱ्यातील पक्षीथांब्यावर राघू बसला म्हणून घाटे अळी कमी होईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. कोतवाल आणि साळुंकी झाडावरची वा जमिनीवरची अळी उचलतात. तेथे थांब्याचा खरा उपयोग होतो. शिवाय पक्षी वेचतात त्या मोठ्या अळ्या. कोवळ्या अळ्यांवर कॅम्पोलेटिस ही परोपजीवी गांधीलमाशी काम करते. विषाणूग्रस्त अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतून तो विषाणू शिवारात पसरण्यासही मदत होते. फुलोऱ्याच्या आरंभीच सरसकट तीव्र कीटकनाशक फवारले, तर ही सारी साखळी तुटते.

धानात चित्र वेगळे आहे. खोडकिड्याची अळी खोडाच्या आत असते, तिथवर बगळ्याची चोच पोहोचत नाही. तुडतुडे इतके लहान की छायाचित्रात ते दिसणारही नाहीत. लष्करी अळी आणि नाकतोड्यांच्या बाबतीत मात्र गायबगळ्यांचा थवा मोठे काम करून जातो.

छायाचित्रांच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. मोठा, पारदर्शक पंखांचा चतुर चोचीत शोभून दिसतो, म्हणून त्याची छायाचित्रे अधिक निघतात; अळी क्षणात गिळली जाते. तेव्हा अशा नोंदींवरून टक्केवारी काढू नये. पिकाचे नाव, तारीख आणि ओळखता येईल असा कीटक, एवढे मिळाले तरी पुष्कळ.

हौशी माणसांच्या नोंदींना वजन असते, हे आता सिद्ध झालेले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३०,००० निरीक्षकांनी ई-बर्डवर केलेल्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ प्रजातींचा विचार झाला. फळे आणि मकरंद यांवर जगणाऱ्या पक्ष्यांची स्थिती तुलनेने बरी आढळली. कीटक व अन्य अपृष्ठवंशीय प्राण्यांवर जगणाऱ्यांची घट मात्र चिंताजनक निघाली. शेताकडेच्या तारांवर बसणारा नीलपंखही घटणाऱ्यांत आहे. कीटकभक्षी पक्षी का घटत आहेत, याचे उत्तर शोधताना शिवारातील कीटकांकडे आणि फवारणीकडे पाहावेच लागेल. ते काम केवळ पक्षीतज्ज्ञांचे नव्हे.

कृषी विज्ञान केंद्रांनी आणि विस्तार कार्यकर्त्यांनी जवळच्या पक्षीमित्रांना हरभऱ्याच्या शेतीशाळेला बोलवावे. एक मीटर ओळीत अळ्या कशा मोजतात, हे त्यांना दाखवावे आणि त्यांच्या जुन्या छायाचित्रांतील कीटक त्यांच्यासोबत बसून ओळखावेत. ज्वारी-बाजरीत दाणे भरू लागताच पक्षीथांबे का काढतात, हे त्यांना शेतकऱ्याच्या तोंडून ऐकू द्यावे. पक्षीमित्रांनीही शेतमालकाला विचारल्यावाचून बांधाच्या आत पाऊल टाकू नये आणि घरट्याजवळ मुक्काम ठोकू नये. फेब्रुवारीच्या मध्यात जगभर होणारी चार दिवसांची पक्षीगणना हरभऱ्याचे घाटे भरण्याच्या सुमारासच येते. तलावाकडे जाताना त्यांतला एक तास एका हरभऱ्याच्या शेताला दिला, तर आरंभ तेवढ्यानेही होईल.