निदान कुणाचे, मरण कुणाचे?

अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगाची लाट आली आहे, असे गेली कित्येक वर्षे सांगितले जाते. मेलानोमा हा त्यातला घातक प्रकार. १९७५ साली दर लाख लोकांमागे सुमारे ८ जणांत त्याचे निदान होई. आज वीसच्या वर होते. पण मृत्युदर? तो या साऱ्या काळात लाखामागे २ ते ३ एवढाच राहिला. २०११ पासून नवी औषधे आली, त्यानंतर तो उतरला.

आजार खरोखर इतका वाढला असता, तर ही औषधे येण्याआधीच्या पस्तीस वर्षांत मरणही वाढायला हवे होते. वाढली ती मुख्यतः तपासणी. ज्याच्याकडे विमा आहे, त्याच्या अंगावरचा तीळ न् तीळ तपासला जातो. त्यातले कित्येक आयुष्यभर निरुपद्रवी राहिले असते. उन्हाचा वाटा आम्ही नाकारत नाही. पण वाढीचे मोठे कारण अतिनिदान आहे, असे गिल्बर्ट वेल्च यांच्यासारखे तिथलेच संशोधक म्हणतात.

आता दुसरी बाजू पाहा. काळ्या अमेरिकनांत हा रोग फार कमी आढळतो. तरी निदानानंतर पाच वर्षे जगणारे गोऱ्यांत ९० टक्क्यांहून जास्त, काळ्यांत सुमारे ७० टक्के. काळ्या कातडीला हा रोग होतच नाही, असा समज. पाठ्यपुस्तकांतली चित्रेही बहुतेक गोऱ्या कातडीची. काळ्या-सावळ्या लोकांत तो बहुधा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. बॉब मार्लेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला. १९८१ साली, ३६ व्या वर्षी तो गेला. हा प्रकार मुळातच वाईट, हे खरे. पण उशिरा निदान होणे हा निसर्गनियम नव्हे.

एकाच देशात एका समाजाचे निदान गरजेपेक्षा जास्त, दुसऱ्याचे वेळेवर नाही. सरासरी दोन्ही झाकते. वंशनिहाय नोंद होती, म्हणूनच ही तफावत उघडी पडली.

आपल्या कर्करोग नोंदणीच्या अहवालांत वय, लिंग, जिल्हा सापडतो; जात सापडत नाही. अनवाणी राबणाऱ्या आपल्या मायबहिणीच्या तळपायावरचा काळा डाग वस्तीत कुरूप समजून ब्लेडने खरवडला जातो. ती गेली, तर कोणत्या आलेखात दिसणार?

म्हणून मित्रांनो, जातनिहाय गणनेची मागणी आरक्षणापुरती ठेवू नका. आजार आणि मरण यांचीही जातनिहाय नोंद मागा. आणि वस्तीतल्या पुढच्या आरोग्य शिबिरात डॉक्टरांना तळपाय बघायला सांगा.

जय भीम!